काथोडमामांची तार

शोकसभेत सगळ्यात लांब भाषण त्या माणसाने केलं. काथोडमामांच्या फोटोला हार घातला, रुमालाने डोळे टिपले, माइक जवळ ओढला आणि म्हणाला, "मामा म्हणजे आमच्या क्षेत्रातले ऋषी. त्यांनी आम्हाला घडवलं." मी तिसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही." खरं तर मला उठून त्याच्या हातातला माइक हिसकावून घ्यायचा होता. पण पुढच्या रांगेत मामांची नात दर्शना मान खाली घालून बसली होती, तिच्याकडे बघून मी गप्प राहिले. गप्प राहिल्याचा राग अजून पोटात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव छापून आलं की तो कात्रण काढून फ्रेम करील, एवढी मला त्याची ओळख आहे. तो धनुर्विद्येचा कोच आहे, तेव्हा आपण त्याला कोचच म्हणू. मी भिवंडीच्या कामतघरातल्या एका मराठी शाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. शिट्टी फुंकून फुंकून माझा आवाज फाटला, स्वभाव त्याआधीपासूनच तसा होता. मी सहसा काही विसरत नाही. पण माझ्याहूनही न विसरणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे काथोडमामा.

मामा जॉबर होते. जॉबर म्हणजे कापडाचा लूम बिघडला की ज्याच्या नावाने कारखाना बोंबलतो तो माणूस. भिवंडीतल्या लूमवर त्यांनी चाळीस वर्षं काढली. अंगाने वाळकुडे, कानात कायम कापसाचे बोळे. लोक समजायचे की लूमच्या खडखडाटाने म्हातारा बहिरा झाला. बहिरे होते, पण माणसांच्या बोलण्याला. चाळीस लूम एकदम चालू असताना कुठल्या लूमवर तार तुटली, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. लूमवाल्यांच्या भाषेत तार म्हणजे सुताचा धागा. कुठलाही धागा मामांना तारच.

आणि राग. बाप रे, काय तो राग! आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. कोणी अपमान केला की मामा दोन बोटं कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "ठेवलाय." म्हणजे जपून ठेवलाय, वेळ आली की काढीन. नाक्यावरच्या एका चहावाल्याने एकदा त्यांना निवलेला चहा दिला आणि वर "प्यायचा तर प्या" म्हणाला. त्या दिवसापासून मामा समोरच्या टपरीवर चहा प्यायला लागले. बसून नाही, उभं राहून, तोंड बरोबर या चहावाल्याकडे करून. रोज दोनदा. नऊ वर्षं. शेवटी तो माणूस रडकुंडीला आला, रस्ता ओलांडून आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, माफ करा, पण तिकडं तोंड करून प्या." मामा म्हणाले, "विचार करतंय."

कारखान्यात एक मेहता होता. मेहता म्हणजे कारखान्याचा कारकून, पण तोरा मालकाच्या वर. तो मामांना सगळ्यांदेखत "ए हातोडी" अशी हाक मारायचा. ऑफिसातले पंखे दुरुस्त करायचं कामही मामांकडेच असे. त्यांनी तिथला प्रत्येक पंखा नव्यासारखा करून दिला, फक्त मेहत्याच्या डोक्यावरचा सोडून. "पार्ट येयाचाय," म्हणायचे. सहा उन्हाळे पार्ट आला नाही. मेहता बदलून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पंखा फिरायला लागला.

मला हा माणूस आवडायचा. माणसाने क्षमाशील असावं वगैरे मी मुलांना शाळेत सांगत आले. घरी येऊन कधी तसं वागले नाही.

आमच्या शाळेला कोणी देणगीत सहा धनुष्यं दिली, तिथून हे सगळं सुरू झालं. जुनं बांबूचं धनुष्य नव्हे. मधे धातूचा दांडा, त्याला वर-खाली दोन पाती जोडायची आणि पात्यांच्या टोकांना तार चढवायची. मला लेझीम येत होतं, खो-खो येत होता, धनुष्याचं ओ की ठो माहीत नव्हतं. सकाळी सरावाला आठ मुली यायला लागल्या, त्यात सातवीतली दर्शना होती. आईबाप दिघाशीला शेतावर, पोर शिकायला आजोबांकडे. पहिल्या आठवड्यातच कळलं की हिच्या हातात काहीतरी आहे. हात थरथरत नसे, आणि नेम चुकला की रडायच्या ऐवजी दात खायची. रक्तच ते.

महिन्याभरात एका धनुष्याची तार विसविशीत दिसायला लागली. ही तार म्हणजे अठरा-वीस बारीक धागे एकत्र, आणि जिथे बोट लागतं, जिथे टोकाचे फास असतात, तिथे वरून दुसरा धागा घट्ट गुंडाळलेला. मी ती तार मामांकडे दिली. "मामा, सुताचंच काम आहे, बघा जरा." त्यांनी बघितलं. एक धागा तुटला होता. चाळीस वर्षं त्या हातांनी एकच काम केलं होतं: तुटली तार दिसली की गाठ मारायची, लूम चालू. त्यांनी गाठ मारली. इतकी बारीक की मेण लावल्यावर मलाही दिसेना.

पण धनुष्याच्या तारेला गाठ चालत नाही. गाठीवर ताण आला की तिथे बाकीचे धागेही कापले जातात. हे मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही.

जिल्ह्याच्या सराव शिबिरात, पन्नास-साठ पोरं आणि त्यांचे आईबाप बघत असताना, दर्शनाने पूर्ण ताण घेतला आणि तार तुटली. दर्शनाच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल वळ उठला, धनुष्याचं वरचं पातं चिरलं. कोच धावत आला. पोरीकडे नाही, तारेकडे. तुटकी तार उचलली, गाठ बघितली, आणि तार हातभर उंच धरून सगळ्या मैदानाला दाखवली. "ही बघा कामतघरची गाठ! अरे, धनुष्य आहे हे, लुंगी विणायचा कारखाना नाही." मैदान हसलं. त्याच्या क्लबातली पोरं पोट धरून हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, हे घरगुती प्रकार इथे आणू नका."

बघ्यांत उभे असलेले मामा पुढे गेले, त्याच्या हातातली तार घेतली आणि खिशात घातली. आम्ही रिक्षात बसलो. दर्शना त्यांच्या खांद्याला टेकून हुंदके देत होती. अंजुरफाट्याच्या आसपास ते म्हणाले, "बाई, गाठ माजी व्हती. चूक माजी हाय, मी मानतंय. पन पोरीच्या हाताला वल आला आनि त्यो हसला." दोन बोटं कपाळाला गेली. "ठेवलाय. दर्शू राज्याच्या टीममंदी जाईल, त्याच्या पोरींना हरवून जाईल, आनि तिच्या धनुष्याला तार मी घरी बनवलेली असंल. तवा मंग मी हसन."

पुढची तीन वर्षं मामांनी दुसरं काही केलं नाही.

चाळीत त्यांच्या खोलीला सहा फूट लांब, चार फूट रुंद पडवी होती. तिथली पाण्याची पिंपं त्यांनी आत हलवली आणि सामान जमवायला घेतलं. मी मोबाइलवर त्यांना विकतचा हत्यारांचा संच दाखवला. चकचकीत पेटी, आत पस्तीस वस्तू मांडलेल्या. मामांनी चष्मा वर करून एकेक वस्तू बघितली आणि म्हणाले, "बाई, यातला निम्मा दाखवायचा हाय, निम्मा हरवायचा हाय. कामाचा काय हाय?" दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते यासीनभाईंच्या भंगाराच्या दुकानात गेले. यासीनभाई पूर्वी मामांबरोबर लूमवर होते. मोडीत निघालेले लूम घेऊन त्यांचे भाग विकायचे.

"काथोड, ये सब जंग लगा हुआ है," यासीनभाई म्हणाले.

"मना पन जंगच लढायचीय," मामा म्हणाले.

वाइस, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरायचा शिकंजा, निवडायलाच त्यांनी अख्खी सकाळ घालवली. यासीनभाईंकडे नऊ वाइस होते, लहानमोठे. मामा प्रत्येकाच्या जबड्यात वर्तमानपत्राची पट्टी धरायचे, आवळायचे आणि पट्टी हळूच ओढायचे. कागद एका बाजूने सुटून आला की तो वाइस बाद. "जबडा वाकडा हाय. धनुष्याचा पाता यात धरला त एकीकडं चेंगरंल." आठ बाद झाले. नववा सगळ्यात लहान, रंग उडालेला, तो घेतला. त्याच्या जबड्यांना आतून लूमच्या पिकरचं जाड चामडं चिकटवलं. पिकर म्हणजे धोट्याला ठोसा देणारा भाग, ठोसे खाऊन खाऊन त्याचं चामडं मऊ झालेलं असतं. त्या वाइसमध्ये तीन वर्षांत एका पात्यावर ओरखडा उठला नाही.

तार बनवायचा पाट त्यांनी लूमच्या दोन लोखंडी पट्ट्यांचा केला. दोन्ही टोकांना बोल्ट, मधलं अंतर हवं तसं कमी-जास्त करायचं आणि धागा त्या बोल्टांभोवती फिरवत जायचं. वरचा धागा गुंडाळायला बाजारात प्लॅस्टिकची फिरकी मिळते. ती त्यांनी चार वेढे मारून बघितली आणि मला परत दिली. "हिचा हात एकसारका न्हाय, मदेच ढिली परते." मग लाकडी कांडी, एक स्प्रिंग आणि दोन पंखांचा नट घेऊन स्वतःची केली. सुताराचा गुण्या आणला आणि त्यावर कंपासपेटीतली पट्टी ठोकून बसवली. दांड्यापासून तार किती दूर उभी आहे, ते त्या गुण्याने मोजायचं. रोज सकाळी सहा धनुष्यांची सहा मापं खडूने भिंतीवर. माप कमी झालं तर तार सैल झाली, काढून दोन पीळ द्यायचे. धनुष्य खेचायला किती जोर लागतो ते बघायला सामान तोलायचा आकड्याचा काटा. स्क्रू फिरवायच्या एलन चाव्यांचा घडीचा जुडगा त्यांना नको होता, सुट्या तीनच घेतल्या, पण चांगल्या पोलादाच्या. चावीची धार गोल झाली की ती फेकून द्यायची. "गोल चावी स्क्रूला खाते," म्हणायचे. मेण मधमाशीचंच. ते बोटाने चोळून, बोटाला ऊब लागेल तेवढंच गरम करायचं. एका मुलीने मेण वितळवायला लायटर पेटवला, तर मामांनी तिच्या हातातून तो काढून थेट गटारात टाकला.

आणि कापूस. भिवंडीत कापसाचा तुकडा कुठेही मिळतो, खिडकीच्या गजावर, केसांत, डाळीत. मामा कापसाचा बोळा पात्यावरून हळूहळू फिरवत न्यायचे. जिथे कापसाचा एक तंतू अडकला तिथे चीर आहे असं समजायचं, डोळ्यांना दिसो न दिसो. बाणांचंही तेच. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातला माणूस हे बघायला आला होता. त्याच्याकडे यासाठी परदेशी दिवा होता. मामांनी त्याच्या बाणांवर कापूस फिरवला आणि दोन बाण बाजूला काढले. दिव्याला त्यातला एकच दिसला.

त्या पडवीत हातोडी नव्हती. जन्मभर जॉबर असलेल्या माणसाच्या कामाच्या जागी हातोडी नाही! मी विचारलं तर म्हणाले, "हातोडी दिसली की मारावीशी वाटते. माजा हात चोर हाय बाई, त्याला मी वळकतंय."

हा चोर हात म्हणजे त्यांची खरी भीती. तुटका धागा दिसला की बोटं आपोआप गाठीच्या दिशेने वळायची, मला दिसायचं ते. म्हणून त्यांनी एक नियम केला. कुठल्याही तारेचा एक जरी धागा तुटला तरी ती तार धनुष्यावरून उतरवायची आणि जिची असेल तिच्यासमोर कातरीने कापून टाकायची. एकदाच, मधोमध, तुटल्या जागेपासून लांब. कापली की गाठीचा मोह संपला. मग तुटकी जागा भिंगाखाली धरून का तुटली ते शोधायचं. मुली सुरुवातीला हळहळायच्या, नंतर त्यांना सवय झाली. दर्शना तर स्वतःच तार घेऊन यायची, "आबा, काप हिला."

तिसऱ्या वर्षी दर्शना तिच्या वयोगटातल्या शेवटच्या निवड चाचणीला उभी राहिली. पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. आदल्या दोन स्पर्धांत ती दुसरी आली होती, पहिली सानिका. सानिका शेलार गावची, कोचची लाडकी शिष्या. म्हणजे दर्शना फक्त नेहमीसारखी खेळली असती तरी संघात होती. मामा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी त्यांना इस्त्रीच्या सदऱ्यात कधी पाहिलं नव्हतं. "आज हसायचाय," म्हणाले.

गोदामांच्या मागचं मैदान. मुली सरावाचे बाण मारत होत्या. मामा माझ्या शेजारी उभे, कानातले बोळे काढून खिशात ठेवलेले. एकदम त्यांनी मान वळवली.

"बाई, त्या पोरीची तार चाललीय."

"कोणाची?"

"सानिकाची. आवाज फुटलाय. वरच्या फासाखाली."

मी बघितलं. मला काही दिसलं नाही, पण मामांच्या कानावर मी कोर्टात साक्ष दिली असती. आणि आता मी काय म्हणाले ते लिहिते, कारण दुसऱ्याची पापं लिहायला बसले आहे तर माझंही लिहायला हवं. मी म्हणाले, "मामा, गप्प बसा. तुटू दे की. त्याच्या मैदानावर, त्याच्या पोरीची, सगळ्यांसमोर. याहून चांगलं काय होणार?"

मामा माझ्याकडे वळले. "तिचा डोला हाय तिथं," म्हणाले आणि चालायला लागले.

कोचजवळ जाऊन त्यांनी सांगितलं. मला ऐकू येत होतं, कारण कोच काही हळू बोलत नाही. "काय काका, गाठ मारायला आलात?" आजूबाजूचे हसले. "इम्पोर्टेड स्ट्रिंग आहे ती, तुमच्या पडवीतली नाही. जा, तिकडे बसा." मामा पुन्हा काहीतरी म्हणाले. कोचने त्यांच्या छातीवर तळवा ठेवून त्यांना मागे ढकललं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि मुली रेषेवर गेल्या.

मामांनी रेषा ओलांडली. असं कोणी करत नाही. सानिकाच्या हातातून त्यांनी धनुष्य काढून घेतलं, पोरगी इतकी भांबावली की तिने ते देऊनही टाकलं. धनुष्य गुडघ्याला लावून अलगद वाकवलं, तार उतरवली, धनुष्य तिच्या हातात परत दिलं. त्याला कणभर धक्का लागू दिला नाही. मग खिशातून सूत कापायची कातर काढली आणि कोचच्या तोंडासमोर तार धरून कापली. एकदा. पुन्हा एकदा. आणि आणखी एकदा. चार तुकडे त्याच्या बुटांवर पडले.

मामा हसत होते. तीन वर्षं राखून ठेवलेलं हसू होतं ते, सगळे दात दिसत होते.

पुढे जे झालं ते व्हायचंच होतं. कोच किंचाळला, "सूड! बघा, सूड उगवला म्हाताऱ्याने!" आयोजकांपैकी एक शांत गृहस्थ पुढे आले. त्यांनी विचारलं, "काका, का कापलीत?"

"तार तुटली व्हती."

"कुठे? दाखवा."

मामा वाकले, तुकडे गोळा केले, एकेक टोक बघितलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरा नाहीतर तिसरा घाव बरोबर त्या तुटक्या जागेवर पडला होता. आता सगळी टोकं कातरीची होती, सरळ, सारखी. पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने कापला होता. ते गृहस्थ म्हणाले, "काका, मला वाईट वाटतं." नियम असा की खेळाडूच्या माणसाने दुसऱ्याच्या साहित्याला हात लावला तर खेळाडू बाद. दर्शना बाद झाली. सानिकाने पिशवीतली दुसरी तार चढवली आणि ती निवडली गेली.

दर्शना रडली नाही. धनुष्याचे भाग सुटे केले, पिशवीत भरले, चेन लावली. मग आजोबांसमोर येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आबा, तुला मी दिसले नाही का?"

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. एक दिवस नाही, चार महिने. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, औषधाची गोळी काढून ठेवायची, पण शब्द नाही. दोन बोटं कपाळाला लावत नव्हती, इतकंच. मामा रोज सकाळी पडवीत बसून बाकीच्या पाच धनुष्यांची मापं घ्यायचे आणि खडूने लिहायचे. दर्शनाचं धनुष्य पिशवीतच होतं, तिच्या रकान्यात जुनंच माप दिसायचं.

आणि कोच? ऐका. महिन्याभराच्या आत त्याच्या क्लबात पाटी लागली: तुटलेला धागा दिसल्यास स्ट्रिंग त्वरित कापून टाकावी. खाली त्याचं नाव. त्याच्या मुलींच्या पात्यांवरून आता कापूसही फिरतो. शोकसभेत म्हणाला ना, आम्हाला घडवलं म्हणून? तेवढं एक वाक्य खरं होतं, आणि ते कसं खरं आहे हे त्याने सांगितलं नाही.

मी एकदा मामांना सरळ विचारलं. पडवीत आम्ही दोघंच होतो. "मामा, एकदा कापली असती तर जागा दाखवता आली असती. दर्शना वाचली असती. तुमचाच नियम आहे, एकदा, मधोमध. मग तीनदा का?"

ते पाटावरचा धागा बोटाने तपासत होते. बोट टोकापर्यंत नेलं. मग म्हणाले, "एकदा कापली ती पोरीसाटी. दोनदा माज्यासाटी." आणि थोड्या वेळाने, "खोटा कशाला बोलू बाई, लय बरा वाटला."

मामांना मी काम करताना शेवटचं पाहिलं ते डिसेंबरातल्या एका दुपारी. त्यानंतर महिन्याभरात ते दिघाशीला मुलाकडे गेले आणि तिथेच एका पहाटे झोपेत गेले. त्या दुपारी मी पडवीत बसून शाळेचे बाण पुसत होते, तेव्हा दारात रिक्षा थांबली. सानिका आणि तिची आई उतरल्या. पोरीच्या खांद्याला धनुष्याची पिशवी.

"मामा," ती म्हणाली, "मला तेव्हा माहीत होतं. दोन दिवस आधीपासून तार फुगल्यासारखी दिसत होती. सर म्हणाले, काही होत नाही, मार."

माझं डोकं फिरलं. "मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं? त्या पोरीचं वर्ष गेलं, आणि तू आज सांगायला आलीस?"

"मॅडम, घाबरली हो ती," आई म्हणाली. "सरांच्या पुढे आम्ही काय बोलणार? आता ती त्यांच्याकडे जात नाही. तार मात्र मामांच्याच हातची पाहिजे म्हणते."

मी आणखी बोलणार होते. मामांनी हात वर करून मला थांबवलं. "बस, बाय," सानिकाला म्हणाले. "धनुष्य काड. लांबी बगू."

त्यांनी पाटाचे बोल्ट सरकवले, माप घेतलं, धागा फिरवला. दोन्ही टोकांचे फास झाले. मग मधल्या भागावर, जिथे बोटं लागतात तिथे, वरचा धागा गुंडाळायला घेतला. कांडी तारेभोवती फिरत होती, सानिका डोळे मोठे करून बघत होती. निम्मं झालं असेल, तेवढ्यात दर्शना क्लासवरून आली. चपला काढता काढता तिने सानिकाला पाहिलं आणि तिथेच थांबली. सानिका उठून उभी राहिली. मला वाटलं, आता इथे भांडण होणार, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

दर्शना पुढे आली, आजोबांच्या खांद्यावरून वाकली आणि तारेवर नख फिरवलं. एका जागी नख थांबलं.

"आबा," ती म्हणाली. चार महिन्यांनी. मामांच्या हातातली कांडी थांबली, पण त्यांनी मान वर केली नाही. "आबा, हिची तार चांगली कर. आता मोठ्या गटात मला हिला हरवायचंय. हरली की तारेवर ढकलायला नको."

एवढं बोलून ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग पिशवीची चेन उघडल्याचा.

मामांनी कांडी उलटी फिरवायला सुरुवात केली. निम्मं झालेलं काम वेढ्यावेढ्याने उलगडलं, धागा मोकळा केला, तार पुसली, नव्याने मेण लावलं.

"अहो, चांगली होती की," मी म्हटलं.

"चांगली व्हती," मामा म्हणाले. "दर्शूच्या तारंसारकी नव्हती."